अण्णांनी लावलेला गेन

अण्णा, आज वर्गात पुन्हा अॅम्प्लिफायरचा गेन शिकवला. पॉलिटेक्निकमधली मुलं दर वर्षी तेच विचारतात, "मॅडम, गेन वाढवला की आवाज वाढतोच ना, मग तो आवाजाचाच स्क्रू झाला की!" मी तुमचं वाक्य सांगते. डेक जेवढं बोलतो तेवढंच अॅम्पनं ऐकायचं, त्याहून जास्त ऐकल्याचा आव आणायचा नाही. मुलं लिहून घेतात. वाक्य कुणाचं ते मी सांगत नाही. सांगायला लागले तर पुढचंही सांगावं लागेल, आणि ते तुम्हाला सोडून आणखी कुणाला सांगायचं?

नव्वदीची मधली वर्षं. सकाळी मल्लेश्वरमला माझं कॉलेज, दुपारनंतर यशवंतपूरला तुमचं कार स्टीरिओचं दुकान. तुम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसता, गेन पूर्ण खाली, डेकचा आवाज पाऊण, आणि ती देवळातल्या नादस्वराची कॅसेट. डोळे मिटून, बारीक स्क्रूड्रायव्हरनं केसाएवढं केसाएवढं वर नेता. नादस्वराची कड जिथे फाटायला लागते तिथे थांबता, थोडं मागे येता. मग आईच्या बाटलीतल्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका स्क्रूवर, म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावला तर कळावं. आई म्हणायची, "माझ्या नखांपेक्षा तुमच्या गाड्याच जास्त नटतात." मी कॉलेजात गणित शिकले होते, अॅम्पच्या टोकांवर किती व्होल्ट यायला हवेत ते काढता येत होतं. मीटर घेऊन आले आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "अण्णा, कानावर काय भरवसा? मोजून लावू या." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पुट्टी, मीटरला नादस्वर आवडतो का, विचार जरा." सगळे हसले. पुट्टी म्हणजे छोटी, तुम्ही लाडानंच म्हणाला होतात, हे मला आज कळतं. तेव्हा कानशिलं तापली होती.

त्याच दुपारी ती पांढरी मारुती होती. मालकानं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "इतकंच का अण्णा? स्वल्प जोरात पाहिजे." तुम्ही म्हणालात, "हेच सरी, बरोबर आहे. स्पीकर जगायला पाहिजे की नको?" तो कॉफी प्यायला गेला, तुम्ही जेवायला घरी गेलात. मी सीटखालच्या अॅम्पशी वाकून बसले. स्पीकरच्या तारा सोडवल्या, एकसुरी टोनची कॅसेट लावली, मीटर धरला. आकडा माझ्या गणितापेक्षा बराच खाली होता. मला वाटलं, सापडलात! ठिपका नखानं खरवडला, आकडा जुळेपर्यंत गेन वर नेला, तारा जोडल्या, ड्रॉवरमधली बाटली काढून नवा ठिपका दिला. फक्त एक गोष्ट. डेकचा आवाज मी अर्ध्यावर ठेवून मोजलं होतं. त्याच्या वर कोण नेतं, असं मीच ठरवून टाकलं. मालक आला, बटण फिरवून म्हणाला, "आता कसं!" आणि गेला. तुम्ही आलात, विचारलंत, "गेला का?" मी म्हणाले, "गेला. खूश होता."

महिन्याभरानं मालक आला नाही, ड्रायव्हर आला. गाडीचं दार उघडताच जळक्या कॉइलचा वास. तुम्ही वूफरचा कागद बोटांनी हलकेच दाबला, आत खरखरलं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी विचारलंय, अण्णा हल्ली कानात कापूस घालून बसतात काय?" तुम्ही सीटखाली वाकलात. ठिपका जागेवर होता. दुसरा स्पीकर जोडून कॅसेट लावलीत, आवाज पाऊणवर नेलात, आणि नादस्वर चरचरत फाटला. रस्त्यावरच्या माणसालाही कळावं इतका. तुम्ही कॅसेट बंद केलीत. मग स्वतःशीच म्हणालात, "आज ऐकू येतंय. त्या दिवशी कसं नाही आलं?"

मी हातभर अंतरावर होते. एक वाक्य पुरलं असतं.

ड्रायव्हरला तुम्ही सांगितलंत, माझंच चुकलं म्हणून सांगा, वूफर बदलून देतो. आणि माझ्याकडे वळून स्क्रूड्रायव्हर पुढे केलात. "पुढची गाडी तू लाव. मीटरनं लाव." त्यानंतर तुम्ही कुठल्याच गाडीचा गेन लावला नाही. मी लावत गेले, आवाज पाऊणवर ठेवून, आणि एकही स्पीकर परत आला नाही. तुम्ही ते लोकांना कौतुकानं सांगायचात.

घरी त्याचं काय झालं ते मी रोज पाहत होते. आधी तेल तापल्याचं तुम्हाला बाहेरच्या खोलीतून कळायचं, "मोहरी टाक गं" म्हणायचात. आता विचारायला लागलात, "कुकरच्या किती झाल्या?" आई म्हणायची, "अहो, तिथेच तर बसलाय." तुम्ही म्हणायचात, "मला नक्की सांगता येत नाही आता." रस्ता ओलांडताना दोनदा थांबायचात. आणि मी आईशी आत कुजबुजले तर बाहेरून उत्तर द्यायचात! तुमच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं, अण्णा. मी एकदा म्हणाले, डॉक्टरांना दाखवू या. तुम्ही म्हणालात, "काय दाखवायचं? कळलंय मला." खरं सांगण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेणं मला सोपं वाटत होतं. पुढे तुम्ही गेलात, तेही तसंच समजून.

अजूनही शेजारून मोठा आवाज लावलेली गाडी गेली की मला तुमचा तो प्रश्न ऐकू येतो, अगदी तुमच्या आवाजात. मी दर वेळी मनात उत्तर देते. ते कुठेही पोचत नाही, हे पानही पोचणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की भीतीनं गप्प राहिले. भीती होतीच. पण आज शंका आली म्हणून त्या दिवसाची डायरी काढून पाहिली. जळक्या वासाचा, ड्रायव्हरचा, तुमच्या चेहऱ्याचा एक शब्द नाही. एकच ओळ आहे: "आज अण्णांनी गेन माझ्याकडे दिला." अक्षर मोठं, खाली रेघ ओढलेली. मग आठवलं. त्या संध्याकाळी स्कूटरवर तुमच्या मागे बसून घरी येताना मी हसत होते.