खुर्ची पंचवीस, दरवाजा चोवीस

१३ जानेवारी
चार न्यायालयं. तुरुंगाच्या एकोणीस कोठड्या. एकतीस जिने — त्यातले अकरा कुठेच जात नाहीत. एक पाणबुडी, तीही अर्धीच. कॅमेऱ्याला दिसते तेवढी. सगळं या दोन हातांनी!

पटकथालेखनाच्या पदव्युत्तर वर्गाचं शेवटचं सत्र आज सुरू. प्राध्यापक विन्सलोबाईंनी विचारलं, "आजवर काय केलंत?" बाकीच्यांनी बक्षिसं सांगितली. मी हे सांगितलं. डेलनी — वय चोवीस — म्हणाली, "म्हणजे सेटवरचे मिस्त्री!" झालं, नाव पडलं. पडू दे. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही, लिहिणंही नाही. शूटिंग संपल्यावर कचऱ्यात पडलेल्या पटकथा उचलून वाचल्या, त्यातून आलं.

मेपर्यंत एक पूर्ण पटकथा द्यायची. बाईंनी सही केली तर पदवी.

२९ जानेवारी
मार्लिसची गोष्ट लिहितोय. म्हणजे आम्हा नवराबायकोचीच. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती इस्पितळातून घरी आली, तो दिवस. बाथरूमचा दरवाजा मीच बसवलेला — चोवीस इंच. तिची चाकाची खुर्ची पंचवीस.

१८ फेब्रुवारी
वीस पानं परत! विन्सलोबाई म्हणाल्या, "हा घराचा नकाशा झाला. माणूस कुठे आहे?" आणि एका ओळीला लाल गोल — 'त्याला अपराधी वाटलं.' "हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? वाटणं दिसत नाही, करणं दिसतं."

डेलनी मागून — "मिस्त्री, तुमची पटकथा वाचायला चष्मा नाही, मोजपट्टी लागते!" सगळा वर्ग हसला.

चोवीस-पंचवीस काढणार नाही. पाव इंचसुद्धा हलवणार नाही!

१९ फेब्रुवारी
चडफडत मार्लिसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "साफ खोटं. अपराधी बिपराधी काही नव्हतास. भिंत चाचपत होतास तू!"

खरंच की! सेटवरची भिंत सुटी असते. कॅमेऱ्याला अडली, की मागचे चार स्क्रू काढायचे आणि भिंत बाजूला. त्या दिवशी खुर्ची चौकटीत अडकली, आणि माझा हात आपोआप भिंतीच्या मागे गेला — स्क्रू शोधत. खऱ्या घरात! मार्लिस खोळंबलेली आणि मी गिलावा खरवडतोय.

तीन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. "लाज वाटते गं," म्हटलं.
"मग नीट लिही."

२ मार्च
लिहिलं. चार ओळी. 'वाटलं' एकदाही नाही.

७ मे
आज नटांनी पटकथा सगळ्यांसमोर वाचली. मार्लिस पहिल्या रांगेच्या कडेला, तिच्या खुर्चीत.

"दरवाजा चोवीस. खुर्ची पंचवीस. तो भिंतीमागे हात घालतो. स्क्रू शोधतो."

आणि मग पहिली हसली ती मार्लिस — खो खो करून! मग अख्खी खोली. हसता हसता डेलनीच्या डोळ्यांना धार. "मिस्त्री, फार दुष्ट आहात हो तुम्ही!"

विन्सलोबाईंनी पहिल्याच पानावर सही केली. म्हणाल्या, "आकडे राहू द्या."

राहू द्या!! जिंकलो!

येताना गाडीवर टाको खाल्ले. मार्लिस एरवी दीड खाते. आज तीन.

२१ मे
त्या वाचनाला आलेल्या चित्रपट कंपनीच्या माणसाचा तिसरा फोन. पटकथा विकत हवी. आकडे ठेवतील, नावही माझंच लावतील. अट एकच — बायको विसाव्या पानावर मेली पाहिजे. त्याने नायकाला जोर येतो म्हणे.

नाही म्हणून कळवलं. दोन लाख चाळीस हजार डॉलर देणार होते.