अक्काची चूल आणि माझी सही

अव्वा, तू गेल्यापासून मी तुझ्याशी कधी बोलले नाही. फोटोपुढं उभं राहून बोलणाऱ्या बायका मला जरा नाटकी वाटतात, आणि तुलाही वाटायच्या. पण गेले काही आठवडे एक गोष्ट घशात अडकून बसली आहे. नवऱ्याला सांगून झाली. तो सगळं नीट ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, तुला योग्य वाटेल ते कर. हे ऐकलं की मला त्याचाच राग यायचा. योग्य काय ते कळत असतं तर त्याचं डोकं खाल्लं असतं कशाला? म्हणून आज तुला लिहायला बसले आहे.

अण्णानं आपलं सोलापूरचं घर विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक तयार आहे. शेजारची जागा त्यानं आधीच घेतलीय, आपली मिळाली की त्याला सलग बांधता येईल. अप्पांच्या आणि तुझ्या मागं त्या घराला आम्हा तिघा भावंडांची नावं लागली. त्यातलं स्वतःचं नाव थोरल्या अक्कानं सरकारी ऑफिसात जाऊन, हक्कसोडपत्र करून काढून दिलं. राहिले मी. मला एवढ्या लांबून येणं जमणार नाही म्हणून मी अण्णाच्या नावानं मुखत्यारपत्र द्यायचं, म्हणजे माझ्या वतीनं तोच हक्क सोडेल आणि तोच विकेल. आणि त्या मुखत्यारपत्रावर मी इथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची, त्यांचा शिक्का घ्यायचा आणि कुरिअरनं पाठवून द्यायचं. वकिलाकडून मसुदा करून घेऊन अण्णानं पाठवला, वर फोन केला. म्हणाला, बाकी काही नाही, तू फक्त सही कर.

अण्णा वाईट नाही, हे तुला काय सांगायचं. तुझ्या शेवटच्या दुखण्यात पुण्याहून दर शनिवारी येणारा तोच होता. त्याच्या पोरीला बाहेर शिकायला जायचंय, त्याची स्वतःची नोकरी धड नाही, आणि सोलापूरच्या त्या दोन खोल्या त्याला आता नुसत्या अडकून पडलेल्या दिसतात. अक्काला तो वाऱ्यावर सोडणार नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरी बंद करून तिला खोली करून देतो म्हणाला, आणि तो देईलही. पण अव्वा, त्या खोलीत चूल कुठून येणार? मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझ्या दोन्ही चुली अजून पेटतात. अक्का पहाटे उठून भाकऱ्या थापते, वरून तीळ दाबते, आणि भाजून झाल्या की चुलीभोवती उभ्या करून कडक वाळवते, अगदी तू करायचीस तशा. लग्नसराईत तर तिला मान वर करायला फुरसत नसते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी म्हटलं की अर्धी गल्ली तिच्याकडं येते. तेच तिचं पोट आणि तोच तिचा मान. फ्लॅटमध्ये ती कुणाची तरी नणंद आणि कुणाची तरी आत्या होऊन राहील, मऊ पोळ्या लाटेल आणि दुपारी टीव्ही बघेल.

अक्का सासर सोडून आली तो दिवस मला लख्ख आठवतो. एक पिशवी घेऊन दारात उभी होती. अप्पा आणि अण्णा खाली बघत होते, आणि शेजारच्या बाया काही ना काही निमित्त काढून डोकावत होत्या. तू शेडमध्ये होतीस. हात पिठाचेच होते. तू बाहेर आलीस, तिला का आलीस म्हणून विचारलं नाहीस, तिच्या गळ्यातही पडली नाहीस. परात उचललीस, तिच्यापुढं ठेवलीस आणि म्हणालीस, "आजपास्नं पीठ तू मळ. माजं मनगट दुकतंय." तुझं मनगट काही दुखत नव्हतं. पण त्या दिवसानंतर तू परातीला हात लावला नाहीस. तू थापायचीस, ती मळायची, आणि तिच्या येण्याबद्दल त्या घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. तू काय केलंस ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

मसुदा आल्यावर मी अक्काला फोन लावला. तुला पटतंय का, असं सरळ विचारलं. ती म्हणाली, "कर की सही. मी काय, कुटं बी ऱ्हाईन." मागं चूल फुरफुरत होती. मग म्हणाली, "तवा तेवढा संगं नेते म्हनलं अण्णाला. चालंल का गं तितं गॅसवर?" तुझा तो खोलगट जाड तवा गॅसच्या शेगडीवर बसणार नाही, हे तिलाही माहीत आहे.

मग मला अक्कलकोटचा दिवस आठवायला लागला. मी तिसरीत किंवा चौथीत असेन. दोन्ही मामा तुला न्यायला आले होते आणि मी हट्टानं तुझ्या मागं लागले होते. आजोबांची जमीन मामांच्या नावावर करायची होती. ऑफिसच्या व्हरांड्यात आपण कितीतरी वेळ बसलो. मी आत बघायला सारखी उठायचे, तेव्हा तू हात धरून मला खाली बसवलंस आणि कन्नडमध्ये दटावलंस, "सुम्न इर." गप बस. मग तुला आत बोलावलं. टेबलावर मराठीत लिहिलेला कागद. तुझी सगळी शाळा कन्नड, मराठी तू बोलायचीस आपल्यासारखीच, पण वाचता अक्षर येत नव्हतं. थोरल्या मामांनी कागद भराभर वाचून दाखवला, धाकटे तुझ्या खुर्चीच्या मागं उभे. कारकुनानं विचारलं, बाई, समजलं का? तू मान हलवलीस आणि कन्नड अक्षरांत, सावकाश, वळणदार सही केलीस. मला तुझा अभिमान वाटला होता, कारण बाजूच्या बाईनं अंगठा दिला होता आणि माझ्या आईला सही येत होती.

तिथून आपण तुझ्या माहेरी गेलो. मामींनी तुझी ओटी भरली, हिरवं इरकल दिलं, पुरणपोळीचं जेवण केलं. परतीच्या एसटीत तू ते लुगडं मांडीवर घेऊन बसली होतीस. मी विचारलं की आजोबांचं शेत आता आपलं नाही का. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "शेत घिऊन काय करू? मला तितं जायला यायला दार उगडं पायजे." मला वाटलं तू रडशील, पण तू रडली नाहीस. आणि अव्वा, त्रास हा आहे की तुझं खरं ठरलं. मामांनी शब्द पाळला. दर नागपंचमीला कुणीतरी तुला न्यायला आलं, तू शेवटी अंथरुणाला खिळलीस तेव्हा मामी आपणहून येऊन राहिल्या. मामा लबाड निघाले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं असतं, आईनं चूक केली, मी करणार नाही. पण तू जमीन दिलीस आणि दार राखलंस, आणि तुझा सौदा फसला नाही.

कॉन्सुलेट आमच्या गावापासून बसनं तीन तासांवर आहे. नवरा साक्षीदार म्हणून बरोबर होता, दुसरी साक्षीदार त्याच्या ऑफिसातली एक बाई. आत शिरलं की एकदम आपल्याकडचा वास येतो, ओल्या कोटांचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा. एक म्हातारे सरदारजी पेन्शनच्या दाखल्यासाठी आले होते, एक बाई तान्ह्या बाळाच्या पासपोर्टसाठी. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकचे फोल्डर, आणि सगळ्यांचे चेहरे शाळेच्या ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या पालकांसारखे. माझा नंबर आला. खिडकीमागं पोरसवदा अधिकारी होता, हिंदीत बोलणारा, मऊ. त्यानं पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिले, मुखत्यारपत्राची पानं उलटली आणि थांबला. म्हणाला, मॅडम, तुम्ही सही आधीच करून आणलीय, हे चालत नाही. सही माझ्यासमोर व्हायला हवी. नवरा मध्ये पडला, की माणूस तोच आहे, सही तीच आहे, आम्ही किती लांबून आलोय. तो मुलगा चिडला नाही. म्हणाला, घरी केलेल्या सहीच्या वेळी मागं कोण उभं होतं, मला कसं कळणार? माझ्यासमोर केली म्हणजे मी विचारू शकतो, की ही तुम्ही तुमच्या मर्जीनं करताय ना.

मला धाकटे मामाच दिसले, तुझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे असलेले. त्यांनी तुला धाक घातला नव्हता. ते नुसते उभे होते. आणि माझ्या मागं तर कुणीच नव्हतं, मी घरी एकटीनं सही केली होती, स्वयंपाकघरात, पण अण्णा माझ्याही मागं उभा होताच की. नवरा म्हणाला, कोरी प्रत खाली छापून मिळते, आत्ता घेऊन येतो. मी म्हटलं, नको, आज राहू दे, नवीन तारीख घेऊ. परतीच्या बसमध्ये तो माझ्यावर वैतागला होता. सूचना वाचून का नाही आलीस, म्हणाला, अख्खा दिवस पाण्यात. मी खिडकीबाहेर बघत बसले. अव्वा, सूचना मी वाचली होती. आधी सही करू नये, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. वाचूनच मी सकाळी ओट्यावर कागद ठेवला आणि सही केली.

पण असं किती दिवस टाळणार? नवीन तारखेच्या आधी मी अण्णाला फोन केला. बोलायचं सगळं मनाशी घोकून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हटलं, अण्णा, अक्काची चूल आहे तोवर मी सही करणार नाही. तुझ्या पोरीच्या शिक्षणाला माझ्याकडून होईल ते करीन, पण घर नको. ओरडेल असं वाटलं होतं. पण तो अगदी हळू म्हणाला, "अक्कानं सोडलं, आनि तू तिकडं बसून धरलंस व्हय." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन नाही. पंचमी येऊन गेली. मी येत नाही हे माहीत असूनही दर वर्षी तो फोन करून, कधी निघतेस, गाडी पाठवतो, असं थट्टेनं विचारायचा. या वर्षी मी फोन हातात घेऊनच स्वयंपाक केला.

अक्का खूश असेल असं तुला वाटत असेल, तर तसंही नाही. ती माझ्यावर चिडली. म्हणाली, "तुला कुनी सांगितलं व्हतं मधी पडायला? आता त्यो हिकडं बी येत न्हाई." राखी पौर्णिमेला तिनं भाकऱ्यांचा गठ्ठा बांधून ठेवला होता त्याच्यासाठी, तो तसाच राहिला. तिला मी चूल राखून दिली आणि भाऊ घालवला. माझं तर काय, मी इथे लांब, माझं दार बंद झालं तरी रोज त्यापुढून जावं लागत नाही. मी बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं, आणि वाटून अजिबात बरं वाटत नाही. परवा मात्र तिचा फोन आला. शेडच्या पत्र्यातून पाणी गळतंय, पत्रा बदलायचा म्हणते, आणि निळा घेऊ का पांढरा, असं मला विचारत होती. रागातच विचारत होती. मी निळा म्हटलं.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुझी कन्नड अक्षरं तू मला शिकवायला निघाली होतीस, मी कंटाळा केला. आणि मराठी तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे तुला वाचता आलं नसतं, मीच वाचून दाखवलं असतं, आणि पाठवायला पत्ताही नाही. मसुद्याच्याच पाकिटात घालून कपाटात ठेवून देईन. फक्त एक राहिलं. मी काही धीराची नाही, आणि अक्कासाठी फार मोठं काही केलं असंही नाही. तू असतीस तर चुलीपुढून न उठता म्हणाली असतीस, "भावाला दुकवू नको, कर सही." आणि अव्वा, मी केली असती.