साहेबाच्या बंगल्यामागची ताई

ती. जाऊबाईंच्या पायांवर धाकटीचं डोकं. (चहा झाल्यावरच पुढे वाचा, त्याआधी तुम्ही नमस्कारसुद्धा घेत नाही.) गुडघा कसा आहे? मांजर जेवतं का? मी इथे डोंगरावर मजेत आहे, कानटोपीतून फक्त नाक बाहेर.

हे थंड हवेचं गाव गोऱ्या साहेबांनी वसवलं म्हणे. दिसेल त्या कठड्याला इथे पॉइंट म्हणतात. मुलगा पॉइंटमागून पॉइंट दाखवत हिंडवतो आणि सगळीकडे तेच पांढरं धुकं. एवढं तर आपल्या न्हाणीघरात पाणी तापलं की दिसतं, असं मी म्हटलं, तर सून खुदकन हसली नि मुलगा फुगला. मग गुडघ्याचं निमित्त करून मी बंगल्यावरच राहू लागले. (तुमचाच गुडघा उसना घेतला, रागावू नका.) बंगला कुणा साहेबाचा, आता लॉज झालाय. पलंग इतका उंच की चढायला स्टूल लागतं, आणि शेकोटीच्या कोनाड्यात टीव्ही बसवलाय.

मागच्या अंगणात झाडाखाली एक छोटा दगड आहे, वर इंग्रजी अक्षरं. थडगंच की! मला वाटलं, साहेबाची बायको. दगड लहान, म्हणजे बाई नाजूक असणार. कुठलं माहेर, कुठे येऊन निजली बिचारी, कुणी गवतही उपटत नाही. मी गवत काढलं, जुन्या टूथब्रशने शेवाळ घासलं, रानफुलं ठेवली आणि बसले बोलत. मुलगा मला कायमचं त्याच्याकडे चल म्हणतोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी ना हो म्हणते ना नाही. तिला सगळं सांगितलं. नातवंडांत जीव अडकलाय, पण जाऊबाईंना एकटं टाकून कशी जाऊ, जन्मभर एका चुलीवर भांडलो. फार समंजस बाई. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. (तुमच्यासारखं नाही.)

काल लॉजचा स्वयंपाकी बादली घेऊन आला नि म्हणाला, "आजी, रोज त्या कुत्र्याशी काय हो एवढं बोलता?" मी इकडेतिकडे पाहिलं, कुत्रं कुठे? तर म्हणे, दगडाखाली! साहेबाचा लाडका कुत्रा! आणि मी त्याला ताई म्हणत होते हो.

सूनही काल पॉइंटांना कंटाळून मागेच राहिलेली. खिडकीत उभी राहून सगळं ऐकत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, मग पदराने... छे, ती कुठला पदर घेते, बाहीने डोळे पुसून म्हणाली, "आई, कुत्र्याला सांगितलंत, मला का नाही? काकूंनाही घेऊन या की! आपल्या घरातली मागची खोली दोघींना पुरेल."

आज निघायचं म्हणून दगडावर बिस्किट ठेवलं. त्याला फुलांचं काय कौतुक.

तुमची
धाकटी

ता.क. येताय ना? मांजराचंही विचारलंय, चालेल म्हणाली.

आणखी ता.क. त्या दगडापाशी मी तुमच्याबद्दलही थोडं बोलले. तुमचं घोरणं, तो कुलपातला साखरेचा डबा वगैरे. सूनबाई काही सांगू लागली तर मनावर घेऊ नका.

शेवटचं ता.क. येताय ना हे आपलं रीत म्हणून विचारलं. तुमच्या वतीने मी कालच हो सांगून बसले आहे. गाडी इथून थेट तुम्हाला न्यायलाच येतेय, पेटी भरून ठेवा. आणि मी या पत्राच्या आधी पोचले, तर हे न फोडता माझ्या हातात द्या.