मामाची पाळी

हार्लिंगेन,
१४ ऑक्टोबर २०११

चि. योरित यास,
अ. आ. (टक्कल पडलं तरी धाकटा तो धाकटाच.)

फोनच करणार होते, पण बाबा शेजारच्याच खोलीत असतात आणि ऐकू येत नाही म्हणतात तेव्हाच त्यांना सगळं ऐकू येतं. म्हणून पत्र.

लेउवार्डनच्या संग्रहालयातलं तुझं भाषण चांगलं झालं. जुन्या व्हिडिओ गेमबद्दल दोनशे माणसं इतकी हसतील असं मला वाटलं नव्हतं. आपला व्हेक्ट्रेक्स, तो गेमचा खोका, काचेच्या पेटीत बघून मजा वाटली. उभा, काळा, स्वतःचा पडदा घेऊन बसलेला. आपण तर त्याच्यावर सूपच्या वाट्या ठेवायचो.

आता जे लिहायचं ते लिहिते. मी एकटी नव्हते रे. बाबाही आले होते. भाचा बोलणार म्हणून कोट इस्त्री करून घेतला, दाढी दोनदा केली. तुला नंतर भेटून चकित करायचं असं त्यांचंच ठरलं होतं. आम्ही खांबाच्या मागे बसलो होतो. तू मामाची, म्हणजे त्यांचीच, नक्कल सुरू केलीस, मूठ वळून बटणावर आपटलीस, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. मग उजवा हात कोटाच्या खिशात घातला तो घरी येईपर्यंत काढला नाही. भेटायला थांबू या का विचारलं, तर म्हणाले, मुलगा कामात आहे, कशाला त्रास.

रागावून लिहीत नाही. पण तुला हे कळायला हवं.

माया आहे तशीच आहे.
तुझी,
हिस्केताई

---

ग्रोनिंगेन,
१८ ऑक्टोबर

ती. हिस्केताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं, आणि मग बराच वेळ बसायचं सुचलंच नाही. बायकोने काय झालं विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणालो. तिला सांगायचीही लाज वाटली.

ताई, तो किस्सा मी कितीदा सांगितलाय! लग्नात, ऑफिसात, कुठेही. कंपनीने बनवणं थांबवलेलं यंत्र विकत घेणारा जगातला एकमेव माणूस म्हणजे आमचा मामा, आणि वर स्वतःच खेळत बसणारा! मुलं रांगेत उभी, आणि हा दांडगा दर्यावर्दी जीभ बाहेर काढून पडद्यावरचे सुरुंग फोडतोय, एकही फुटत नाहीये. दर वेळी हशा. हशा आला की माणूस किस्सा वाढवत नेतो. मूठ आपटायची नक्कल मी कधी घातली, तेही आठवत नाही.

खरं सांगू? त्या हिवाळ्याइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. पडद्यावर निळा पारदर्शक कागद लावला की काळं आकाश समुद्रासारखं व्हायचं. ते यंत्र मधमाशीसारखं गुणगुणायचं. तू मला ढकलायचीस, मी तुझी वेणी ओढायचो, आणि दोघं मिळून ओरडायचो की तुमची पाळी संपली, उठा! आणि तो उठायचा.

त्याचा हात बोटीवर दुखावला होता एवढंच माझ्या आईने सांगितलं होतं. मी कधी खोलात शिरलो नाही. फुलं घेऊन येऊ का? त्याच्या पाया पडू? तू सांगशील ते करतो.

आज आशीर्वाद मागायचं तोंड नाही.
तुझा,
योरित

---

हार्लिंगेन,
२२ ऑक्टोबर

चि. योरित यास,
अ. आ.

फुलं अजिबात आणू नकोस. घरात कुणी गेलंय असं वाटेल त्यांना. आणि पाया पडलास तर तुला उठवायला त्यांना वाकावं लागेल, त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत.

खोलात शिरला नाहीस, तर आता मीच सांगते. त्या शरद ऋतूत कोळंबीच्या बोटीवर जाळं ओढायच्या चाकात त्यांचा पंजा सापडला. बोटं वाचली, पण वळेनात. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, एकेक बोट वेगळं हलवा. बाबांनी रबरी चेंडू दाबून पाहिला, आईचं विणकामही करून पाहिलं. मग दुकानात ते यंत्र दिसलं. एका ओळीत चार बटणं, एकेका बोटाला एकेक. वसंतात बोट निघेल तेव्हा आपण तिच्यावर असू, असं त्यांनी धरलं होतं. ते खेळत नव्हते रे. कामाला लागले होते.

आणि आपण त्यांना उठवायचो. आईने एकदा आपल्याला दटावलं, तर तेच म्हणाले, राहू दे, पोरांना खेळू दे.

बोट त्यांना न घेताच गेली. मग बोटींसाठी पूल उघडून द्यायचं, पुलाच्या राखणीचं काम मिळालं. याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून तुला कळलं नाही. मीही पाळी मागणाऱ्यांतलीच होते, तेव्हा सगळं ओझं एकट्याने उचलू नकोस.

रविवारी नेहमीसारखा ये. वाटाण्याचं सूप करते.

वाट पाहणारी,
हिस्केताई

---

ग्रोनिंगेन,
४ नोव्हेंबर

ती. हिस्केताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी तू भांडी घासायच्या निमित्ताने आत गेलीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. गाडीची वेळ झाली होती.

मी माफी मागितली. नीट जमली नाही. मामा म्हणाला, अरे, लोक हसले ते बरंच झालं. त्या वर्षी सगळं बंदर माझ्याशी हळू आवाजात बोलायचं. तुम्ही दोघंच तेवढे अंगावर ओरडायचात.

मला वाटलं, सुटलो. मी लगेच म्हणालो की गुरुवारी संग्रहालयात पुन्हा बोलायचंय, तेव्हा खरी गोष्ट सांगतो, हाताची, बोटीची, सगळी. तर तो एकदम कडाडला. म्हणाला, खबरदार! एकदा हसवलंस, आता रडवणार? माझा हात माझ्यापाशी राहू दे.

ताई, ते मला जास्त लागलं. चूक केली तीही त्याचं घेऊन, आणि ती धुवायला निघालो तेही त्याचंच घेऊन.

काल गुरुवार झाला. संचालकांनी माझी ओळख करून देताना सांगितलं की आता यांच्या मामाचा किस्सा ऐका. लोक आधीच हसू लागले. मी म्हणालो, मामाबद्दल मला काही सांगायचं नाही. मग त्या यंत्राच्या पडद्यावर विजेच्या रेषांनी चित्र कसं उमटतं ते समजावत बसलो. दहा मिनिटांत मागच्या रांगा उठल्या. पुढच्या बाईने जांभई हातानेही झाकली नाही. नंतर कोट चढवताना संचालक म्हणाले, राग मानू नका, पण मागच्या वेळी जास्त मजा आली होती.

मी म्हणालो, हो, आली होती.

मामाला हे सांगू नकोस. तुझा राग उरला असेल तर तो मला चालेल, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझा धाकटा,
योरित