तेलाच्या डब्याचं झाकण

बाबा, तुमची नाव सापडली. यंदा पूर्णा आटली, उरलंसुरलं पात्र वाळूवाल्यांनी उकरलं, त्यात निघाली. गावाने आधी तिला शिवकालीन ठरवून नारळ फोडला, हार घातला. तुम्हाला जिवंतपणी कुणी घातला नव्हता. मग विद्यापीठातून जुन्या होड्यांचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. चार दिवस नावेभोवती फिरून तिने शेकडो फोटो काढले आणि ते जोडून संगणकावर अख्खी नाव उभी केली. बोटाने हवी तशी फिरते. तुम्ही फिरवू दिली नसती.

"काका, इथले लोक खिळा ठोकायच्या आधी भोक पाडायचे ना?" तिने विचारलं. मला हसू आलं. भोक पाडल्याशिवाय खिळा ठोकला तर फळी चिरते, हे तुम्ही आम्हाला कानफटात मारूनच शिकवलं होतं. खिळे ठोकायचा मान तुमचा एकट्याचा. दादाकडे फक्त फटींत राळ लावलेला कापूस भरायचं काम.

"मग हा एकच बघा." तिने पडद्यावरच्या लाकडाचा रंग काढून नुसता आकार ठेवला, उजेड तिरपा केला. बाकी खिळ्यांची भोकं गोल, स्वच्छ. या एकाभोवती लाकूड चेचलेलं, आणि तिथून निघालेली हातभर चीर. चिरेवर आतून डांबराने पत्रा चिकटवलेला. "म्हणजे करणाऱ्याला चीर दिसली होती," ती म्हणाली. पत्रा गोड्या तेलाच्या डब्याच्या झाकणाचा होता. आई महिनाभर स्वयंपाकघरात तेच झाकण शोधत होती आणि तुम्ही ताटावर बसून म्हणायचात, "उंदरं नेतात का झाकणं? नीट पाह्य." दादाने भरलेला कापूस मात्र अजून घट्ट आहे.

तीस वर्षांपूर्वीचा तो दिवस. नाव बुडते आहे. माणसं पोहून काठाला लागतात, दोन बकऱ्या जातात. ओलं गाव तुमच्याकडे बघतंय आणि तुमचं बोट दादाकडे. "याले साधी फट भरता येत नाही. मले काऊन इचारता?" दादा म्हणतो, "बाबा, फट नाही, फळी फाटली. म्या पाह्यली." "चूप बे! बापाले शिकवून राह्यला?" आठवड्याभरात दादा सुरतेला गेला. तुमच्या सरणालाही आला नाही. छान केलं.

तुमची सालं काढायला बसलो होतो, बाबा. झकास लेख झाला असता. पण त्या काठावर सगळ्यांत आधी हसलो तो मी. दादाला 'बुडव्या' हे टोपणनाव मीच दिलं. गाव ज्यावर हसलं असा माझा पहिला विनोद. पुढे प्रत्येक लग्नात वाढून सांगितला, त्यावरच लेखक झालो. दादाविषयी तुम्ही एकदाच खोटं बोललात. मी ते तीस वर्षं चालवलं.

चिरेचा फोटो आठ दिवस माझ्या मोबाइलमध्ये आहे. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उलटून बोलत नाही. दादाचा नंबरही आहे. 'बुडव्या' म्हणूनच लिहून ठेवलेला.