तोडक्रम कुठंय?

१८ नोव्हेंबर, सोमवार.
आजपासून माऊस बंद. वायर काढून ड्रॉवरमध्ये टाकला. खरा प्रोग्रॅमर काळ्या स्क्रीनवर कमांड मारतो. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाला आधार म्हणजे मी एकटाच. स्वानंदी आहे, पण ती वाईची पोरगी, दिवाळीनंतर लागलीय. सगळं माऊसनं करते.

काम आलंय, तेही घरचं. उद्या कुणाचा ऊस तोडायचा हे आपला प्रोग्रॅम ठरवतो. लागणीच्या तारखेनं पाळी. गावी कुंडलला आमच्या शेजारच्यांच्या फडात ऊसतोड टोळ्या शिरल्या, आमच्या वडिलांचं, आण्णांचं, नाव काही यादीत येत नाही. आण्णा मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले, वशिला लावायचं नाव काढत नाहीत. चावडीत सांगून आलेत म्हणे, आमचा ऋषिराज कारखान्यात हाय, दोन दिसात मशीन सरळ करतोय. मी फोनवर म्हटलं, दोन कशाला? उद्याच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.
पाळी लावणाऱ्या फंक्शनचं नाव तोडक्रम. ते शोधायला ग्रेप मारलं. ग्रेपला शब्द दिला की तो कुठल्या फाइलीत, कुठल्या ओळीत आहे ते सांगतं. सांगायला लागलं. थांबेचना. चहा पिऊन आलो तरी ओळी पळतच होत्या.

कारण कळलं. फोल्डर आहेत: दसरा, दसरा नवीन, दसरा एकदम नवीन, त्याच्या आत परत दसरा. माझ्या आधीचे चिंतामणकाका दर दसऱ्याला सगळ्या कोडची कॉपी करून ठेवायचे. मीही न चुकता करतो. केवढी शिस्त! स्वानंदीनं विचारलं, सर, यातला चालू कोड कुठला? मी म्हटलं, हळूहळू कळेल तुला.

माझं मशीन काकांच्या हातचं. पहिल्या दिवशी आलो तेव्हा यालाच झेंडूची माळ होती आणि हळदीकुंकू. लगेच ओळखलं, मेन मशीन हेच. खंडेनवमीला सगळं ऑफिस इथं येऊन नारळ फोडतं. इतरांच्या मशीनला कुणी विचारत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.
ग्रेप हे अडाण्याचं काम. सीटॅग्ज घेतलं. आण्णांना समजावून सांगितलं: म्हसवडच्या जत्रेत नुसतं पाटीलऽ म्हणून ओरडलं तर अर्धी जत्रा वळून बघते, ते ग्रेप. सीटॅग्ज पाटलाचं घर कुठलं तेवढंच सांगतं. आण्णा म्हणाले, मग घर घावलं तर जाऊन इचार की लेका. ते चिंतामणराव सांगलीतच हायत न्हवं?

आण्णांना टेक्निकल कळत नाही. माणसाला विचारणं म्हणजे शोधणं नव्हे.

२५ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी.
सापडलं! तोडक्रममध्ये एक अट उलटी पडलीय. दीड वर्ष रानात उभा असलेला अडसाली ऊस खोडव्याच्या, म्हणजे जुन्या बुडख्यातनं परत फुटलेल्या उसाच्या, मागं ढकलला जातोय. आण्णांचा अडसाली. अट सरळ केली, कॅन्टीनला सगळ्यांना भजी सांगितली. आण्णांना फोन केला, टोळीला चहाचं आधण ठेवा.

संध्याकाळी.
यादी आली. आण्णा नाहीत. दुसरं कुठलं तरी फंक्शन मधे कडमडत असणार. भजी उगाच सांगितली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.
शेतकी अधिकारी लालासाहेब येऊन गेले. म्हणाले, आवं, मी हातानं तोडीची चिठ्ठी लिवून देतो, सुभेदारांचा ऊस तोडून घ्या, मग बसा शोधत. मी साफ नाही म्हटलं. माझ्या बापाचा ऊस हाताच्या चिठ्ठीवर गेला तर माझ्या सिस्टीमची इज्जत काय राहिली? येईल तर सिस्टीममधून येईल. लालासाहेब बघत राहिले. बहुतेक तत्त्व आवडलं असावं.

आण्णांना हे सांगितलं नाही. त्यांना उगाच त्रास.

२ डिसेंबर, सोमवार.
सिद्धनाथाचा रथ. शिवांजलीला घेऊन म्हसवडला जाऊन आलो. गर्दीत ती हरवली. मी पद्धतशीर, एक एक गल्ली घेऊन शोधली. ती बांगड्यांच्या दुकानात होती. म्हणाली, खिशात फोन आहे तो कशाला ठेवलाय? बायकोनं असं चारचौघांत बोलू नये.

आण्णा आले नाहीत. उसाला तुरा आलाय म्हणे. तुरा आला की ऊस आतनं पोकळ पडत जातो, वजन उतरतं. रोज सकाळी जाऊन बघतात. देवाला मागितलं, तोडक्रम सुधारू दे.

६ डिसेंबर, शुक्रवार.
निश्चय: सगळ्याच दसऱ्यांत दुरुस्ती करायची. केली. यादी जशीच्या तशी.

मग डोकं लावलं. तोडक्रमच्या मधोमध मुद्दाम वाट्टेल ते टाईप केलं. आता प्रोग्रॅम कोसळायलाच पाहिजे, म्हणजे रस्ता कळेल. संध्याकाळी यादी व्यवस्थित छापून आली. एवढा घाण कोड घालूनही चालतो! काकांनी काय भक्कम प्रोग्रॅम बांधलाय.

स्वानंदी म्हणाली, सर, मी काकांना फोन करू का? मी म्हटलं, अजिबात नाही. तिनं मान हलवली. मला ते मान हलवणं बरं वाटलं नाही.

११ डिसेंबर, बुधवार.
आण्णांचा फोन येत नाही. मी केला तर आई उचलते, म्हणते, रानात गेल्यात. शिवांजलीला आईनं सांगितलं की आण्णांनी चावडीत बसायचं सोडलंय. डेअरीला दूध घालायलासुद्धा मागच्या वाटेनं जातात. कुणी विचारायला नको, मशीन सरळ झालं का सुभेदार?

वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. उद्यापासून सकाळी लवकर बसायचं.

१३ डिसेंबर, शुक्रवार.
आण्णांनी ऊस गुऱ्हाळाला घातला. मला आईकडून कळलं. सगळा फड दिला, तोडून गेलासुद्धा. किती घाई! मी अगदी जवळ पोचलो होतो. दोन दिवस थांबले असते तर काय बिघडत होतं?

आईला तसं म्हटलं. आई म्हणाली, दोन दिस तू दिवाळीच्या मागनं मागतोयस रं.

१६ डिसेंबर, सोमवार.
स्वानंदीनं काकांना फोन केलाच. स्पीकरवर ठेवला.

काका आधी हसले. मग हसायचे थांबले. म्हणाले, त्या माळेच्या मशीनवर काम करतोस? इतकी वर्षं? अरे, खंडेनवमीला हत्यार पुजलं की दिवसभर त्याला हात लावायचा नाही. पण ऊस नोंदीचं मशीन बंद ठेवून कसं चालेल? म्हणून एक भंगारातलं पूजेला मांडलं, गणपती म्हणून सुपारी मांडतात तसं. दर वर्षी ताजी कॉपी त्यात घालायची, पूजा कोडला पोचावी म्हणून. खरं मशीन शेतकी ऑफिसच्या कपाटामागं आहे.

आजवर मी ज्या तक्रारी मिटवल्या त्या मग कशा मिटल्या? काका म्हणाले, लालासाहेब मला फोन करतात. मी घरनं बघून देतो. या वेळी त्यांनी केला नाही, सुभेदारांचं काम मुलगा स्वतः करतोय म्हणाले.

स्वानंदी कपाटामागं गेली. तिथं एकच फोल्डर. माझंच ग्रेप मारलं, एकच ओळ आली. तीच अट, उलटी. मी पंचवीस तारखेला बरोबरच ओळखलं होतं! हे मी तिला दोनदा सांगितलं. ती हो सर म्हणाली. कपातला चहा गार व्हायच्या आत तिनं दुरुस्त केलं.

मी जागेवर येऊन बसलो. मशीनकडं बघवेना. लाज वाटली. घरी शिवांजलीला सांगितलं, तिनं लगेच आईला फोन लावला.

१७ डिसेंबर, मंगळवार.
यादी आली. कुंडल गट, पहिलंच नाव आण्णांचं.

चिठ्ठ्या वाटणारा जोतीराम चिठ्ठी घेऊन गेला आणि दुपारी परत आला. फडात नुसतं पाचट. आण्णांनी त्याला बसवून चहा पाजला, चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, वाचली, घडी करून खिशात ठेवली. जोतीरामनं विचारलं म्हणे, आवं सुभेदार, घरचं पोरगं कारखान्यात असून असं कसं झालं? आण्णा म्हणाले, त्याला बोलू नगा. त्यो पूजंला असतोय.

त्याच्याबरोबर माझ्यासाठी कागदात बांधून गुळाचा खडा पाठवलाय. आमच्याच उसाचा, नवा. सांगितलंय, मशीनला निवद दाखव.

माळेखाली ठेवला. मुंग्या लागतील, उद्या हलवायला पाहिजे.