तेवढ्याच मोठ्या अक्षरांत

भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. जोयास,

अम्मीची दुआ. आम्ही ठीक आहोत, अब्बांचा गुडघा सोडून. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. सोबत शेंगाचटणी पाठवतेय. डबा परत आण, मागच्या दोन डब्यांचा अजून पत्ता नाही.

चिठ्ठी डब्यासोबत ठेवली, कारण शिवानी वकीलबाईंनी बजावलंय, या विषयावर फोनवर एक ओळ लिहायची नाही. बोलायला जावं तर तू "अम्मी, तुला इंटरनेटचं कळत नाही" म्हणून फोन ठेवतेस. नाही कळत, बाई. पण दहावी झालेय, नोटीस वाचता येते.

नोटीस आसिफच्या वकिलाची आहे. त्याच्या टॉवेल शिवायच्या कारखान्याचा फोटो लावून तू ब्लॉगवर लिहिलंस की हा ठग, याच्या बापानं आमचे दोन लाख घेतले आणि हा गिळून बसला. ते वाचून टेंभुर्णीच्या व्यापाऱ्यानं त्याची ऑर्डर रद्द केली. आता पंधरा दिवसांत जाहीर माफी, नाहीतर तुझ्यावर बदनामीचा खटला. तुझ्या शाळेत कळलं तर नोकरीचं काय?

"खरं लिहिलंय, मग भ्यायचं कशाला?" म्हणालीस. मी तेच वकीलबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "काकू, खरं आहे हे कोर्टात दाखवावं लागतं. आणि ते लोकांच्या भल्यासाठी लिहिलं, राग काढायला नाही, हेही. ठग कशावरून?" चार हजार लोकांनी वाचलं म्हणून तू मला सांगतेस. त्यातल्या एकानं तरी वकिलाची फी पाठवली का?

मी म्हटलं, पैसे दिलेत, दाखवू की साक्षीदार. तेव्हा तुझे अब्बा एकदम उठून चपला शोधायला लागले.

रिक्षात बोलले. आसिफचे अब्बा मकबूलभाई गेले, त्यांच्या जनाज्याला आसिफ रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर उभा राहिला. माझ्या अब्बांवर कुणाचं कर्ज असेल तर सांगा, मी फेडतो, म्हणाला. आणि आपले बंदेनवाजसाहेब, तुझे अब्बा, पुढं होऊन म्हणाले, "मेरा था. मैं माफ कर दिया." अख्ख्या जमातीनं ऐकलं. आपण बायका घरी रडत बसलेल्या, आपल्याला कोण सांगणार? दीड वर्ष हा माणूस माझ्यासमोर बसून गप्प जेवतोय! "तुला सांगितलं असतं तर कब्रस्तानात वसुलीला आली असतीस," म्हणे. रिक्षावालासुद्धा हसला.

म्हणजे साक्षीदार आहेत. सगळे आसिफचे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वकीलबाईंकडे गेले. एक गोष्ट अब्बांसमोर बोलता आली नव्हती. तुलाही ठाऊक नाही. ते पैसे माझे होते. भिशीचे आणि टॉवेलला गोंडे बांधून मिळालेले, मक्केला उमऱ्यासाठी जायला ठेवलेले. मकबूलभाईंना मशीन घ्यायची होती, म्हणून अब्बांच्या हातानं दिले.

वकीलबाईंचे डोळे चमकले. "मग तुमचे पैसे ते कसे माफ करणार? तसं लिहून द्या, लढायला वाट आहे."

आठवडाभर मी त्या वाटेकडं बघत बसले. नमाजात, सजद्यातसुद्धा तेच. पण मग मकबूलभाई डोक्यावर कर्ज घेऊन अल्लाहकडे गेले, असं कोर्टात उभं राहून मी म्हणायचं? आणि आसिफनं तर विचारलं होतं, जोया! चारचौघांत विचारून जो मोकळा झाला त्याला तू ठग म्हणालीस.

आज जुम्म्याच्या नमाजानंतर त्याच्या आईकडे, गुलनाजभाभींकडे गेले. रागातच होते, चहा घेतला नाही. म्हटलं, पैसे माझे होते, मीही माफ केले. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं तुझे आहेत. म्हणून तर तुझ्याकडे बघवत नव्हतं." मग चहा घेतला.

अब्बांशी अजून बोललेले नाही.

आता तू. नुसतं पुसून टाकू नकोस, आसिफच्या वकिलानं त्या पानाचे फोटो काढून ठेवलेत. ठग जेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंस, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माफी लिही, आसिफचं नाव घेऊन. आधी वकीलबाईंना दाखव. आणि अम्मीचा उमरा राहिला, ही गोष्ट तिथं रंगवायची नाही. ती माझी आहे.

तीन डबे सोडून कुणाकडूनही काही येणं नसलेली,
तुझी अम्मी
अकबरी